दिवाणजींचं दुखणं

अंधेरी, ४ मार्च १९५६

चि. नंदूस,

आशीर्वाद. रागात दिलेले आहेत, पण आशीर्वादच आहेत.

तुझा मासा आजारी आहे. दुसरं काहीही लिहायच्या आधी हे लिहिते, कारण माझ्या पत्रातलं तू तेवढंच वाचतोस हे मला आता चांगलं कळून चुकलं आहे. दिवाणजींच्या शेपटीवर आणि पाठीवरच्या परांवर पांढरे दाणे आले आहेत. आधी वाटलं, खाऱ्या पाण्याचं मीठ बसलं असेल. मग ते वाढले. आता फ्लॉवरच्या गड्ड्याचा बारकासा तुरा तोडून चिकटवावा तसे दिसतात. खाणंपिणं चालू आहे, रुबाबही तोच, फक्त अंगावर ही शोभा.

दोन वर्षांपूर्वी अण्णांशी भांडून तू निघालास, तेव्हा दारातून वळून मला म्हणालास, "ताई, पाणी तेवढं बदलत जा." ते 'तेवढं' म्हणजे काय, ते तुतिकोरीनच्या समुद्रकाठी बसून तुला कळायचं नाही. धाकू कोळी वेसाव्याहून तेलाच्या धुतलेल्या डब्यांतून समुद्राचं पाणी आणतो. ते फडक्यातून गाळायचं. टाकीतलं जुनं पाणी नळीने काढायचं, आणि नळी तोंडाने ओढायची, म्हणजे दर खेपेला घोटभर समुद्र माझ्या पोटात. लोखंडी चौकट गंजली की खरवडायची. शाळेत मुली एकमेकींना कोपरं मारतात, कारण बाईंच्या पदराला बोंबलाचा वास येतो. आणि हे सगळं कुणासाठी, तर ज्याला ना आपण खाऊ शकत, ना ज्याच्याशी दोन शब्द बोलू शकत, अशा एका ठिपकेदार चपट्या प्राण्यासाठी! त्याचं नावसुद्धा तूच ठेवलंस. कचेरीत शिरल्यासारखा पोट पुढे काढून फिरतो, म्हणून दिवाणजी.

तुझं मत्स्यखातं माशांवरच पोसलेलं आहे ना? मग काय करायचं ते कळव. आणि लवकर कळव.

अण्णा बरे आहेत. अण्णा म्हणजे तुझे वडील, विसरला असशील म्हणून सांगते. सध्या भर उकाड्यात मफलर गुंडाळून बसतात. मान धरली आहे म्हणतात. आत्याची तब्येत ठणठणीत.

तुझी,
ताई


अंधेरी, १३ मार्च

चि. नंदूस, आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. दाणे कुठल्या परावर आहेत, रंग पांढरा की करडा, डोळ्यावर आहेत का, श्वास कसा घेतो, पाणी किती गरम. एका कार्डात इतके प्रश्न मावतात हे मला ठाऊक नव्हतं. त्यात "अण्णा कसे आहेत" हा एक मावला नाही. जागा संपली असेल.

तर ऐक. शेपूट आणि पाठ. पांढराच. डोळे साफ. श्वास तुझ्या-माझ्यापेक्षा बरा. पाणी कोमट, कारण मुंबईत मार्चात दुसरं पाणी मिळत नाही.

आता घरातली परिस्थिती. आत्याने चष्मा लावून टाकीत पाहिलं, हात जोडले आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "कुंदा, याला देवी आल्यात गं. रोग म्हणू नकोस, बाय आलीय म्हण."

मी म्हटलं, "आत्या, तो मासा आहे."

"असू दे की. आईला काय मासा, काय माणूस!"

झालं. त्या दिवसापासून टाकीच्या चौकटीला कडुनिंबाचे डहाळे बांधले आहेत. ते पाण्यात टाकायला निघाली होती, मी हात धरला. खिडकीवर जुनं लुगडं टाकून उजेड कमी केला आहे. त्या खोलीत मोठ्याने बोलायचं नाही, कुणाला रागवायचं नाही, बाहेरच्याला आत घ्यायचं नाही. दर रविवारी आळीतली सगळी पोरं दिवाणजींना बघायला येऊन काचेवर टकटक करायची ना, त्यांना आत्या जिन्यातूनच परत पाठवते. आणि मुख्य म्हणजे घरात फोडणी बंद. तळण बंद. नंदू, आपल्या घरात! मासा आजारी आहे म्हणून घरात मासा तळायचा नाही. उकडलेल्या भाज्या आणि बिनफोडणीचं वरण खाऊन माझ्या जिभेची वाट लागली आहे.

धाकू पाणी घेऊन आला तेव्हा हे सगळं बघत उभा राहिला. "बाय, खायाचा नाय त ठेवलाय कश्याला?" मी म्हटलं, माझ्या भावाला विचार. "भाऊ कुठं हाय?" मी म्हटलं, तेही त्यालाच विचार.

आत्याचं एक समजू शकते. पण अण्णा! ज्यांनी तू गेल्यापासून टाकीकडे पाठ करून खुर्ची मांडली, 'तुझा भाऊ' याखेरीज तुला दुसरं नाव ठेवलं नाही, ते काल खुर्ची वळवून बसले. अर्धा तास बघितलं आणि होमिओपॅथीची पेटी मागवली. पुस्तक उघडलं. म्हणाले, "हे चामखिळीचं लक्षण आहे. थुजा." रिटायर झाल्यापासून अण्णांनी आळीतल्या प्रत्येकाला गोळ्या दिल्या आहेत. तेवढा मासा राहिला होता.

लवकर लिही रे बाबा. इथे दोन डॉक्टर आहेत आणि दोघांनाही पोहता येत नाही.

ताई


अंधेरी, २२ मार्च

नंदू,

तुझं उत्तर नाही. मी मात्र लिहिते आहे, कारण न लिहून मला वेड लागेल.

थुजाने काय झालं ते आधी. साखरेच्या गोळ्या त्या. अण्णांनी मूठभर टाकल्या, "समुद्र मोठा असतो, मात्रा मोठी हवी" म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं. धाकूला जादा खेप करावी लागली. पुढचा डोस त्यांनी आरेच्या दुधाच्या बाटल्यांत विरघळवून ठेवला, म्हणून केंद्रावर रिकाम्या बाटल्या परत गेल्या नाहीत आणि आम्हाला दूध मिळालं नाही. बिनफोडणीचं वरण, वर बिनदुधाचा चहा. मजेत आहोत.

एवढ्यावर थांबले असते तर ते अण्णा कसले? चामखीळ घोड्याच्या केसाने बांधली की गळून पडते, हे तुलाही ठाऊक आहे. तुझ्या कोपराची अशीच घालवली होती. तर तुझे वडील मफलर बांधून भर उन्हात स्टेशनवर गेले आणि घोडागाडीवाल्याकडून घोड्याच्या शेपटीचा केस मागून आणला. मी शाळेत होते. आत्या 'बाय रागावेल' म्हणून ओरडत होती. अण्णांनी टाकीत हात घातला, दिवाणजींना कोपऱ्यात गाठलं आणि केसाचा फास टाकायला गेले. त्याच्या पाठीवर काटे असतात हे तू आम्हाला कधी सांगितलं होतंस? आणि ते विषारी असतात हे?

मी घरी आले तेव्हा अण्णांचा हात कोपरापर्यंत सुजलेला, चेहरा पांढराफटक, आणि तोंडाने एकच, "काही नाही, मुंगी चावली." नाक्यावर नवा दवाखाना निघालाय तिथून डॉक्टर मृणालिनीबाईंना बोलावलं. त्यांनी हात गरम पाण्यात बुडवून ठेवायला लावला, इंजेक्शन दिलं. कळ थांबली. मग म्हणाल्या, "घाम किती आलाय! तो मफलर काढा आधी."

अण्णा म्हणाले, "राहू दे."

"काढा म्हणते ना."

नंदू, मानेवर उजव्या बाजूला गाठ आहे. सुपारीहून मोठी. दगडासारखी घट्ट. दिवाळीपासून आहे म्हणे. आणि हे मान धरली, मान धरली म्हणत आम्हाला मफलर दाखवत होते. स्वतःसाठीही थुजाच चालू होतं. माशाला दिलं ते उरलेलं स्वतः घ्यायचे की आपल्यातलं माशाला द्यायचे, देव जाणे.

बाई म्हणाल्या, ही परळला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, काढावी लागेल, काढून तपासावी लागेल, महिना घालवू नका. अण्णांनी त्यांना नमस्कार केला, त्या जिना उतरल्यावर दार लावलं आणि म्हणाले, "कालची पोर. मला सुरी लावायची गोष्ट करते." त्यानंतर हा विषय काढला की उठून आत जातात.

मी रागावलेली आहे असं तुला वाटत असेल. मी घाबरलेली आहे. लिही.

ताई


अंधेरी, २ एप्रिल

चि. नंदूस,

तुझं लांबलचक पत्र आलं. तारीख बघितली, माझं मागचं पत्र पोचायच्या आधीच तू टाकलेलं. म्हणजे गाठीचं तुला माहीत नव्हतं. तेवढा दोष तुझा नाही. बाकीचा आहे.

पत्र मी नेहमीसारखं मेजावर ठेवून शाळेत गेले. तुला सांगितलं नव्हतं, तुझं प्रत्येक पत्र मी मेजावर ठेवते आणि परत येते तेव्हा त्याची घडी उलटी झालेली असते. अण्णा म्हणतात, वाऱ्याने.

तू लिहिलंस की हा विषाणूचा रोग, याला औषध नाही. कापू नका, खरवडू नका, बांधू नका, काही चोपडू नका, जेवढा हात लावाल तेवढं बिघडेल. पाणी स्वच्छ ठेवा, उजेड कमी, गडबड नको, काचेवर टकटक नको, त्याला त्याच्या मनाने राहू द्या. आपोआप झडून जाईल. सगळं बरोबर असणार. आत्याला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मी काय वेगळं सांगत होते?" आत्याने कडुनिंब बांधून आणि पोरांना हाकलून जे केलं तेच तुझं शास्त्र सांगतं, फक्त फोडणीचं तुझ्या शास्त्रात नाही. ते मी तिला निक्षून सांगितलं. ऐकत नाही.

पण पुढचं ऐक. संध्याकाळी अण्णांना म्हटलं, परळला जायची चिठ्ठी बाईंनी दिली आहे, मंगळवारी जाऊ. अण्णा टाकीकडे बघत म्हणाले, "कापायचं नाही. हात लावला की बिघडतं. आपोआप जातं."

"कोण म्हणतं?"

"नंदूने लिहिलंय."

दोन वर्षांनी, नंदू, त्या माणसाने तुझं नाव घेतलं. ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी जे डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर नाही. मी ओरडले, "अहो, ते माशाचं आहे!" तर म्हणतात, "गाठ ती गाठ. तो तिथे शिकलाय. उगीच नाही लिहिणार." आणि आत्याने मला 'श्श' केलं. त्या खोलीत ओरडायचं नाही ना.

समजलं तुला? साहेबापुढे हात जोडून तुला लावून दिलेली रेल्वेतली नोकरी लाथाडून तू समुद्राच्या पाण्यात उभा राहायला गेलास, म्हणून 'राहा आता माशांतच' म्हणणारे ते. तुझी विद्या त्यांना पटायला दोन वर्षं लागली आणि पटली ती नेमकी भलत्या जागी. डॉक्टरीणबाई कालची पोर, आणि तू धन्वंतरी!

तू आता एकच कर. अण्णांना पत्र टाक. मला नाही, अण्णांना. त्यांच्या नावाने, तुझ्या हाताने. लिही की मासा वेगळा आणि माणूस वेगळा. चार ओळी पुरे.

ताई


अंधेरी, ११ एप्रिल

नंदकिशोर,

आज आशीर्वाद नाहीत.

तुझं पत्र आलं. पुन्हा मला. "ताई, तूच त्यांना नीट समजावून सांग, माझं ते ऐकणार नाहीत, मी लिहिलं तर उलट चिडतील." वर गाठींचे प्रकार, कुठली साधी, कुठली वाईट, पानभर. पानभर मला शिकवतोस आणि त्यांना एक ओळ लिहवत नाही तुला?

अरे, मी समजावत नाही असं वाटतं का तुला? मी समजावते, आत्या समजावते, मृणालिनीबाई स्वतः येऊन गेल्या. अण्णा सगळ्यांचं ऐकून घेतात आणि टाकीकडे बोट करतात. कारण काय झालंय, दिवाणजी बरे होताहेत! शेपटीवरचा मोठा तुरा गेल्या आठवड्यात झडला. दुसरा लोंबतो आहे. त्याखाली पर साफ. अण्णांनी मला हाक मारून दाखवलं. "बघ. कुणी कापलं का?" आणि मानेवरून हात फिरवला, जणू आता यांचीच पाळी.

ज्या माशासाठी मी दोन वर्षं खारं पाणी गिळलं तो बरा होतोय आणि मला त्याच्याकडे बघवत नाही. आत्याने दहीभाताचा नैवेद्य केला, चमचाभर टाकीतही टाकायला निघाली. मी तिच्या हातातून चमचा हिसकावून घेतला आणि मग मोरीत जाऊन रडले. म्हाताऱ्या बाईवर ओरडले म्हणून नव्हे. अण्णांचा मफलर आता एका वेढ्यात बसत नाही म्हणून.

तुम्हा दोघांचं मला एक सांगशील? तुला त्यांच्याबद्दल विचारायचं असतं, तर माशाबद्दल विचारतोस. त्यांना तुझी खुशाली हवी असते, तर माझी पत्रं चोरून वाचतात. मधे मी. पोस्टमनला निदान रविवारी सुट्टी असते.

तू म्हणतोस ते तुझं ऐकणार नाहीत. नंदू, या घरात सध्या ते फक्त तुझंच ऐकतात. तुला ते कळत नाही आणि त्यांना ते कबूल नाही. त्यांना कारणं नकोत. ती माझ्याकडे ढीगभर आहेत. त्यांना तू हवा आहेस. मलाही हवा आहेस, पण ते राहू दे.

हे पत्र वाचून मला उत्तर लिहू नकोस. लिहिलंस तर न फोडता परत पाठवीन. आणि माशाची खबर आता यापुढे मी देणार नाही. बघायचा असेल तर येऊन बघ.

ताई


अंधेरी, २५ एप्रिल, सकाळी
(आत्याजवळ ठेवलेली चिठ्ठी)

नंदू,

मद्रासची गाडी वेळेवर आली तर दुपारपर्यंत घरी पोचशील. मी हॉस्पिटलात आहे. हातपाय धू, जेव, मग ये. आत्याने आज फोडणी केली आहे. हॉस्पिटलातून काल मी 'सगळं ठीक' म्हणून निरोप पाठवला, तेव्हा तिने चौकटीवरचे डहाळे स्वतः सोडले आणि बाजारातून पापलेट आणलं. तिला नाही म्हणू नकोस.

तुझी तार आली त्या दिवसाचं सांगते, म्हणजे तिथे आल्यावर गोंधळ नको. तार अण्णांच्या नावाची. आयुष्यात पहिल्यांदा तुझं काहीतरी त्यांच्या हातात सरळ पडलं. आत्या तार म्हटल्यावर रडायलाच लागली. अण्णांनी चष्मा लावून वाचली. 'मासा वेगळा. गाठ काढून घ्या. मी येतो आहे.' पुन्हा वाचली. मग मला विचारतात, "याला रजा मिळाली का पण?" मी म्हटलं, मिळाली असेल. "नवी नोकरी आहे. साहेब चिडायचा." एवढं बोलून कपाटावरची पिशवी काढायला सांगितली. मी इतके दिवस घसा फोडला तो हवेत गेला, आणि तुझ्या तीन वाक्यांनी माणूस पिशवी भरायला लागला. मला आनंद झाला की संताप आला, मलाच सांगता यायचं नाही. जाताना टाकीपाशी थांबले. "पाणी कोण बदलणार?" मी म्हटलं, नंदू येतोय ना. "मग ठीक आहे" म्हणाले. मफलर खुंटीला अडकवून गेले.

काल काढली. सगळी निघाली, कुठे धरलेली नव्हती असं सर्जन म्हणाले. कशाची होती ते तपासून आठवड्याने सांगणार आहेत. तो आठवडा काढायचा आहे, आणि या खेपेला मी तो एकटी काढणार नाही.

माशाकडे जाताजाता बघ, पण तिथेच बसू नकोस. अंगावर खूण राहिलेली नाही. काचेवर टकटक केलीस तर आत्या तुलाही हाकलून देईल.

आणखी एक. अण्णा जागे आहेत, ओळखतात, सकाळपासून दाराकडे डोळे लावून आहेत. पण मानेला टाके आहेत. चार-पाच दिवस एक शब्द बोलायचा नाही अशी सक्त ताकीद आहे. म्हणजे सुरुवात ते करतील म्हणून उभा राहशील, तर तसाच उभा राहशील.

सुरुवात तुलाच करावी लागणार आहे. काहीच सुचलं नाही तर माशाचं सांग.

ताई